पाहुण्यांना गार वाटावं म्हणून

कौशिकच्या लग्नाला आता एकाच माणसाचा होकार हवा होता आणि तो माणूस गुरुवारी सकाळी दोह्याच्या विमानतळावर उतरणार होता. मुलगी पाल्मो, इथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिचे वडील आंगरूपजी हिमाचलातल्या लाहौलचे. त्यांनी फोनवर साधी अट घातली होती. मुलगा पाहिला, बरा दिसतो. पण मुलगी ज्या घरात द्यायची त्या घरात एक रात्र राहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की काय ते सांगेन. कौशिकचे आईवडील नेमके तेव्हाच कऱ्हाडहून व्हिजिट व्हिसावर आलेले होते, त्यामुळे बघायला निदान घर तरी होतं. पाल्मो राहायची हॉस्पिटलच्या मुलींच्या निवासात. तिथं पुरुषांना बंदी, मग तो सख्खा बाप का असेना. म्हणून मुक्काम अल सद्दला, कौशिकच्या फ्लॅटवर ठरला.

अडचण एकच होती. कौशिकचे वडील गोविंदराव हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते.

उभी हयात त्यांनी मुलांना जगाचा भूगोल शिकवला, आणि त्यासाठी जगात कुठं जावं लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही. पुस्तकात सगळं होतं. टुंड्रातले लोक बर्फाच्या घरात राहतात, वाळवंटातले लोक उंटावर बसतात, डोंगराळ भागातले लोक काटक व प्रेमळ असतात. कतारला येऊन महिना झाला तरी त्यांना उंट दिसला तो फक्त सुपरमार्केटातल्या दुधाच्या बाटलीवर. याचा दोष त्यांनी पुस्तकाला न देता कतारला दिला होता.

लाहौलचं नाव ऐकल्यावर ते खुर्चीत ताठ बसले. "शीत वाळवंट," ते म्हणाले. "पर्जन्य अत्यल्प. वनस्पती विरळ. याक हा मुख्य प्राणी. लोक काटक."

"व प्रेमळ," पुष्पावतीबाईंनी स्वयंपाकघरातून पुरवणी जोडली. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना उत्तरं पाठ झाली होती.

कौशिकनं वडिलांना हात जोडून सांगितलं की ते साधे गृहस्थ आहेत, त्यांच्याशी साधं वागा, मला त्यांच्या मुलीशी लग्न करायचंय. गोविंदरावांना याचं वाईट वाटलं. आपण साधेच वागणार आहोत, पण जो माणूस बर्फातून उठून थेट पंचेचाळीस डिग्रीत येतोय त्याच्या जिवाचा विचार कुणी केलाय का, असं त्यांनी विचारलं. कुणी केला नव्हता. तेव्हा तो त्यांनी एकट्यानं करायचं ठरवलं.

गुरुवारी पहाटेच गोविंदरावांनी घरातले सगळे एसी सोळावर नेऊन ठेवले. रिमोटवर सोळाच्या खाली आकडाच नव्हता, याची त्यांना खंत वाटली. मग ते पाहुण्यांसाठी ठेवलेल्या न्हाणीघरातल्या गीझरकडे वळले. इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. कतारमध्ये पाण्याची टाकी असते गच्चीवर, आणि जूनमध्ये त्या टाकीचा रांजण नाही, चुलीवरचा हंडा होतो. थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून इथली शहाणी माणसं उन्हाळाभर गीझर बंद ठेवतात. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीनं निवतं आणि गरम पाण्याच्या नळातून गार येतं. म्हणजे लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. कौशिकनं हे पहिल्या दिवशीच समजावून दिलं होतं आणि गोविंदरावांनी मान डोलावली होती.

पण आज पाहुणे येणार होते. "उन्हाचं त्यांना सोसायचं नाही," ते बायकोला म्हणाले, "पण आंघोळीला मात्र गरमच पाणी लागणार. जन्मभर बर्फ वितळवून प्यायलेला माणूस. एकदा तरी पोटभर गरम पाण्यानं न्हाऊ दे बिचाऱ्याला."

"म्हणजे ते लोक आंघोळ करतात?"

"क्वचित," गोविंदराव म्हणाले आणि त्यांनी गीझरचं बटण दाबलं.

आता त्या न्हाणीघरात दोन नळ होते आणि दोन्ही उकळते.

कौशिकनं आंगरूपजींना विमानतळावरून आणून दारात सोडलं आणि तो मुशैरिबला ऑफिसला पळाला, कारण महत्त्वाची मीटिंग नेमकी अशाच दिवशी असते. आंगरूपजींना बघून गोविंदराव जरा हिरमुसले. पुस्तकातल्या चित्रात लांब झगा होता, कानांवर येणारी केसाळ टोपी होती. समोर उभा होता तो इस्त्रीचा सुती शर्ट, उन्हाचा चष्मा आणि हातात गोविंदरावांच्यापेक्षा भारी फोन. पार्किंगपासून लिफ्टपर्यंतच्या चालीत घामानं भिजलेला तो शर्ट सोळा डिग्रीत शिरताच पाठीला गार झाला. "अरे वा," असं काहीतरी आंगरूपजी म्हणाले आणि शहारले. गोविंदरावांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं.

(यापुढची सगळी बोलणी हिंदीत झाली. गोविंदरावांच्या हिंदीची झळ वाचकांना बसू नये म्हणून ती मराठीत देतो आहे.)

प्रवासातून आलेल्या माणसानं आधी आंघोळ करावी, मग टेकावं, ही पुष्पावतीबाईंची रीत. त्यांनी टॉवेल हातात ठेवून पाहुण्यांना न्हाणीघर दाखवलं. आंगरूपजींनाही तेच हवं होतं. आत गेल्यावर त्यांनी निळा नळ सोडला आणि हात मागे घेतला. मग लाल सोडला आणि दोन पावलं मागे सरकले. थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा निळा सोडून पाहिला. त्यांच्या गावाजवळ उकळत्या पाण्याचे झरे आहेत, तिथंसुद्धा शेजारून एखादा गार ओढा वाहतो. बाहेर जाऊन तक्रार करावी तर व्याह्यांच्या घरी पहिल्यांदाच आलेले. त्यांनी टॉवेलचं टोक ओलं केलं, निवू दिलं, त्यानं तोंड पुसलं, तोच शर्ट पुन्हा घातला आणि बाहेर येऊन छान झाली आंघोळ असं सांगितलं.

गोविंदरावांनी कोरड्या केसांकडे पाहिलं. टोकापुरत्या ओल्या टॉवेलकडे पाहिलं. बायकोजवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "क्वचित."

दुपारी दोघं बैठकीत बसले. गोविंदरावांनी आपल्याकडे याक किती, असं आपुलकीनं विचारलं. आंगरूपजी म्हणाले, एक होता; टुरिस्ट फोटो काढतात म्हणून मोसमापुरता भाड्यानं आणला होता, पण तो फार खायचा. आपला धंदा म्हणाल तर मटार, बटाटा आणि रस्त्यालगत एक पेट्रोल पंप. गोविंदरावांना माणूस आवडला, पण नमुना म्हणून तो अगदीच कुचकामी निघाला. हा अपवाद, असं त्यांनी मनाशी ठरवलं. अपवाद सोडून द्यायचे असतात, हे ते मुलांना नेहमी सांगत.

चार वाजेपर्यंत थंडी गोविंदरावांच्या हाडात उतरली. त्यांनी विमानासाठी आणलेली कानटोपी काढून घातली. पुष्पावतीबाईंनी नवऱ्याच्या निरोपसमारंभातली शाल पांघरली. आंगरूपजींनी दोन्ही हात काखेत घेतले. सहा वाजता कौशिकनं दार उघडलं तेव्हा आतली तीन माणसं शेकोटीशिवाय शेकोटीभोवती बसल्यासारखी बसली होती. त्यानं रिमोट उचलला, तसे वडील त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"सासऱ्याला उष्माघात झाला तर होकार कुणाकडून घेणार आहेस?"

"बाबा, तेच कुडकुडतायत."

"ते कुडकुडणं नाही. ती त्यांची बसायची पद्धत आहे."

कौशिकनं बाहेर येऊन पाहुण्यांनाच विचारलं की थंड जास्त नाही ना होत. आंगरूपजींनी गोविंदरावांच्या कानटोपीकडे पाहिलं. जो टोपी घालून बसतो पण एसी कमी करत नाही, त्या माणसाला थंडी किती प्रिय असेल. अशा घरात येऊन गार लागतं म्हणणं त्यांना शोभेना. छे छे, अगदी घरच्यासारखं वाटतंय, ते म्हणाले. कौशिकला ते खरं वाटलं. होकाराची वाट बघणाऱ्या माणसाला काहीही खरं वाटतं.

मग आंगरूपजींनी संकोचत बॅग उघडली. पाल्मोनं बजावलं होतं की पापा, दोह्याला लोकरीचं काही आणू नका, लोक हसतील. पण पहिल्यांदा जायचं आणि रिकाम्या हातानं जायचं हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून लाहौलच्या बायका विणतात तसले जाड, रंगीत नक्षीचे लोकरी मोजे त्यांनी चार जोड आणले होते. हसू नका, असं म्हणत त्यांनी ते पुढे केले. हसायला कुणाला सवड होती? पुष्पावतीबाईंनी जोड हातात पडताक्षणी पायात चढवला. गोविंदरावांनी तर आधी हातांत घालून पाहिला. कौशिकनं बूट काढून तिथंच बैठक मारली. पुष्पावतीबाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आयुष्यात मानापानाच्या इतक्या साड्या घेतल्या, पण असा अहेर कुणी केला नाही, असं त्या म्हणाल्या आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आंगरूपजींना भरून आलं. चौथा जोड पाल्मोचा होता, तो त्यांनी न बोलता स्वतः घातला.

पांघरुणं कमी पडली तेव्हा कौशिकनं शेजारच्या रोनाल्डकडून ब्लँकेटं मागून आणली. वसईचा रोनाल्ड भला माणूस. जूनमध्ये ब्लँकेटं कशाला, एवढंच त्यानं विचारलं. पाहुणे थंड प्रदेशातले आहेत, असं कौशिकनं सांगितलं. रोनाल्डनं थोडा विचार केला आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी गोविंदरावांनी आणखी एक निर्णय घेतला. आज घरात कुणीही आंघोळ करायची नाही.

पुष्पावतीबाईंनी हातातला चहाचा डबा खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पारोशानं चुलीला हात लावला नव्हता. बाळंतपणातले दिवस सोडले तर आंघोळीशिवाय त्यांचा एक दिवस गेला नव्हता. "आणि पाहुण्यांसाठी पुरणावरणाचा स्वयंपाक मी पारोशानं करू? देव पारोसे ठेवू?"

"अगं, पाहुणा कालपासून पारोसा आहे. आपण न्हाऊनधुऊन त्याच्यापुढे बसलो तर त्याला किती खजील वाटेल. त्यांच्याकडे पद्धत नाही, त्याला तो काय करणार? देवांना परिस्थिती कळते."

बाईंना हे पटलं नाही. पण पोराच्या लग्नाचा प्रश्न होता. त्यांनी देवाला लांबूनच नमस्कार केला, मनातल्या मनात माफी मागितली, आणखी काही त्या मनात बोलल्या ते नवऱ्याबद्दल होतं, आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी त्या घरात कुणी खरा त्याग केला असेल तर तो त्यांनी.

इकडे आंगरूपजी केव्हाचे उठून टॉवेल घेऊन बसले होते. घरात कुणीतरी आंघोळीला जाईल, मग पाण्याचं काय करतात ते विचारू, असा त्यांचा बेत. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, कुणी उठेना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वाळवंट आहे. पाण्याची टंचाई असणार. कालचं पाणी या भल्या लोकांनी आपल्या वाटणीतून काढून ठेवलं होतं. बरं झालं आपण वापरलं नाही, असं म्हणत त्यांनी टॉवेल बॅगेत टाकला.

दहाच्या सुमारास बैठकीतल्या एसीनं घरघर केली, पाणी टपकवलं आणि तो बंद पडला. अखंड सोळावर चालून त्याच्या आतल्या नळ्यांवर बर्फ जमला होता. पाठोपाठ खोल्यांतलेही दोन्ही एसी थकले. कौशिकनं मेकॅनिकला फोन लावला. इथला सुट्टीचा शुक्रवार होता; चारपर्यंत येतो, इन्शाल्ला, असं उत्तर आलं, म्हणजे शनिवारी.

हळूहळू भिंतींतून ऊब यायला लागली. गोविंदरावांचे कान मोकळे झाले. आंगरूपजींच्या बोटांत रक्त फिरू लागलं. कालपासून आखडलेले खांदे त्यांनी सैल सोडले, मान मागे टाकली, डोळे मिटले आणि तोंडानं समाधानाचा एक लांब हुंकार काढला. गोविंदरावांनी तो हुंकार ऐकला आणि त्यांचं काळीज लक्कन हललं. वितळतोय माणूस. ते धावत स्वयंपाकघरात गेले, फ्रीजमधला बर्फाचा ट्रे पंच्यात रिकामा केला आणि पंच्याचं गाठोडं आंगरूपजींच्या टाळूवर दाबून धरलं. "धीर धरा," ते म्हणाले. "हालचाल करू नका."

आंगरूपजी ओरडले ते त्यांच्या बोलीत, त्यामुळे काय म्हणाले ते कळलं नाही. पण तेवढ्यात पाल्मो आत आली. तिला दिसलं ते असं: वडील सोफ्यावर, गळ्यापर्यंत ब्लँकेट, पायात तिचे लोकरी मोजे, डोक्यावर बर्फ, आणि होणारे सासरे ते डोकं दोन्ही हातांनी दाबून उभे.

"पापांना ताप आलाय?" तिनं विचारलं.

नाही, नाही, असं चौघांनीही एकदम सांगितलं. पाल्मोनं वडिलांची नाडी पाहिली, डोकं पुसायला टॉवेल आणायला म्हणून ती न्हाणीघरात गेली, हात धुवायला तिनं लाल नळ सोडला आणि किंचाळत बाहेर आली. जूनमध्ये गीझर कुणी चालू ठेवलाय, असं तिनं विचारलं. कौशिकनं वडिलांकडे पाहिलं. पुष्पावतीबाईंनी पाहिलं. गोविंदरावांनी छताकडे पाहिलं.

"काल तुम्ही मग... आंघोळ?" त्यांनी पाहुण्यांना दबक्या आवाजात विचारलं.

"नाही जमली," आंगरूपजी शांतपणे म्हणाले. "मला वाटलं तुम्ही लोक असंच उकळतं पाणी घेता. आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं, दख्खनच्या पठारावरचे लोक काटक असतात."

गोविंदरावांनी जाऊन गीझरचं बटण स्वतः बंद केलं, आणि ही गोष्ट त्या घरात नवीन होती.

जेवायला बसले तेव्हा कौशिक पोळीचे नुसते तुकडे करत होता. पारोशानं केलेली पुरणपोळी फार सुरेख झाली होती, पण चवीकडे त्याचं लक्ष नव्हतं. आदल्या दिवसापासून या माणसाला आपण गारठवला, भाजायला काढला, पारोसा ठेवला आणि शेवटी डोक्यावर बर्फ बांधला. आता हा हो कशाला म्हणेल? पाल्मोही ताटात बोटं फिरवत होती. आंगरूपजींनी मात्र दोन पोळ्या निगुतीनं संपवल्या, हात पुसले आणि घसा साफ केला.

"खरं सांगतो, येताना धास्ती होती," ते म्हणाले. "मुलगी वाळवंटात राहते, त्यात परमुलखातली माणसं. आपलं कुणी नाही. पण इथं येऊन बघतो तर आमचंच घर. सगळे एका खोलीत, पायात मोजे, अंगावर पांघरूण, चहावर चहा, आंघोळीची कुणालाच घाई नाही. जिला माझ्या घरात राहता आलं तिला इथं काही अवघड नाही. माझ्याकडून होकार आहे."

कौशिकनं श्वास सोडला. पुष्पावतीबाईंनी साखर आणायला उठता उठता डोळे पुसले. गोविंदरावांना इतका आनंद झाला की ते आंगरूपजींचे दोन्ही हात धरून, आमच्यात काही कमी राहिलं असेल तर माफ करा, असं पहिल्यांदाच पुस्तकाबाहेरचं एक वाक्य बोलले.

"फक्त एक," आंगरूपजी म्हणाले. "लग्न आमच्या गावी. उन्हाळ्यात सगळेच येतात, त्यात काय मोठं? पण तुमचं थंडीवरचं प्रेम मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीत करू. घर उघडून ठेवतो. आता डोंगराखालून बोगदा झालाय, रस्ता उघडा असला की गाडी दारापर्यंत येते. रात्री वजा वीसपर्यंत जातं. तुम्हाला फार आवडेल."

"वजा वीस," गोविंदराव म्हणाले. "सेल्सिअस?"

आंगरूपजींनी मान डोलावली. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. हा आकडा गोविंदरावांनी आजवर शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल, पण त्याला हातपाय असतात हे त्यांना आज कळलं. नाही म्हणावं तर होकार जातो, हो म्हणावं तर जीव. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"हो म्हणा," त्या मराठीत म्हणाल्या. "आणि जानेवारीत दोन्ही नळांचं काय करायचं ते आत्ताच विचारून घ्या."

गोविंदराव हो म्हणाले.

संध्याकाळच्या विमानासाठी गाडी काढायला कौशिक आणि पाल्मो खाली पार्किंगमध्ये आले. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत पाल्मोनं कसंबसं दाबून धरलेलं हसू बाहेर पडलं. ती भिंतीला टेकून हसत राहिली.

"जानेवारीत गावात कोण असतं माहितीये? कुणीच नाही. आमचं घरसुद्धा बंद असतं. थंडी पडली की आम्ही सगळे कुल्लूला खाली उतरतो. मम्मीचे गुडघे धरतात, पापांचा दमा. पंधरा वर्षांत पापांनी गावातला जानेवारी पाहिलेला नाही."

"मग असं का बोलले ते?"

"तुझ्या बाबांना थंडी आवडते म्हणून. इतका पाहुणचार केला त्यांनी. माणुसकी म्हणून काही करायला नको? मम्मीला कसं सांगायचं, हेच मघाशी मला आमच्या बोलीत विचारत होते."

कौशिक लिफ्टकडे वळला. वर जाऊन सांगतो, तो म्हणाला, की आमच्या घरात कुणालाही थंडी सोसत नाही, बाबांना पंख्याखालीही सर्दी होते, हे सगळं पापाजींसाठी होतं. पाल्मोनं त्याचा हात धरला.

"आणि मग ते विचारतील, तुम्ही मला काय समजलात. काय उत्तर देशील?"

कौशिकनं लिफ्टच्या बटणावरचं बोट मागे घेतलं.

"होकार मिळालाय ना?" ती म्हणाली. "मग जानेवारीपर्यंत तोंड उघडायचं नाही. तू पण नाही आणि मी पण नाही."

वर फ्लॅटमध्ये त्या वेळी गोविंदराव आंगरूपजींना लाहौलच्या हिवाळ्याची सविस्तर माहिती देत होते, आणि आंगरूपजी, ज्यांना ती आता फार उपयोगी पडणार होती, मन लावून ऐकत होते.